मदत हवी आहे: गॅस बिलातल्या सीओटूच्या पैशांतला वाटा घरमालक देत नाही (लाइपझिग, जर्मनी)

हिवाळी_वांगं:
२०२५चं गॅसचं बिल आलंय. त्यात सीओटूचे, म्हणजे गॅस जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरच्या सरकारी आकाराचे, १६७ युरो वेगळे दाखवलेत. ऑफिसातला एकजण म्हणाला, अर्धे मालकाने द्यायचे, कायदाच आहे. मालकाला मेल टाकली तर उत्तर, 'गॅसचा करार तुमच्या नावावर, बिल तुमचं.' खरं काय? लवकर सांगा, उद्याच भांडायचंय.

आकडेमोड:
सरसकट 'अर्धे' असं काही नसतं. घर किती चौरस मीटर? किती युनिट (किलोवॉट-तास) जाळलेत? गॅस फक्त हिटिंगला की शेगडीलाही? बिल कधी आलं?

पमाकाका:
आमच्या नाशिकला गच्चीवर सौर बंब आहे. बारा वर्षं गरम पाण्याचा खर्च माहीत नाही. गच्ची रिकामी असेल तर विचार करा.

हिवाळी_वांगं:
काका, भाड्याचं घर, चौथा मजला, वर उतरतं छप्पर आणि बाहेर उणे चार!
@आकडेमोड ६८ चौ.मी., १४ हजार युनिट. शेगडी गॅसचीच, फुलके कशावर फुगवणार?

आकडेमोड:
युनिटमागे साधारण १८२ ग्रॅम सीओटू धरा, वर्षाला अडीच टन. २०२५ला टनाला ५५ युरो, वर १९ टक्के व्हॅट. तुमचे १६७ बरोबर आहेत. चौरस मीटरला साडेसदतीस किलो पडतात. २०२३पासून वाटणीच्या दहा पायऱ्या आहेत: १२ किलोच्या आत सगळं भाडेकरूवर, ५२च्या वर ९५ टक्के मालकावर. तुमच्या पायरीला मालकावर ६० टक्के, म्हणजे १०० युरो. त्यातून शेगडीचे ५ टक्के कापले की ९५ युरो. करार तुमच्या नावावर असला तरी मिळतात, पण बिल आल्यापासून सहा महिन्यांत मागायचे. म्हणून परत विचारतो, बिल कधी आलं?

गोटेबोर्गची_सून:
९५ युरोंसाठी कोण मालक खिडक्या बदलतो? स्वीडनमध्ये १९९१पासून कार्बन कर आहे, आता टनाला शंभर युरोंच्या पुढे. घरोघरचे तेलाचे बॉयलर त्यानेच गेले. ५५ म्हणजे चेष्टा.

निवांत:
नुसत्या कराने नाही हो. तुमच्याकडे गावभर गरम पाण्याचे पाइप आधीच होते. इथला भाडेकरू गॅस सोडून जाणार कुठे? दर वाढला की तो दोन स्वेटर घालतो, भिंत तशीच. २०२२ला रशियाचा गॅस आटला तेव्हा हेच पाहिलं. त्यापुढे हा कर म्हणजे युनिटला जेमतेम सव्वा सेंट.

आकडेमोड:
म्हणूनच तर वाटणी आणली. घरातून जितकी उष्णता गळते तितका मालकाला भुर्दंड.

निवांत:
आणि त्याने खरंच भिंतींना आवरण लावलं तर? खर्चाच्या ८ टक्के रक्कम वर्षाच्या भाड्यात वाढवता येते. मर्यादा सहा वर्षांत महिन्याच्या भाड्यात चौरस मीटरला ३ युरो, भाडं चौरस मीटरला सातच्या खाली असेल तर २. वांग्याच्या घराला महिन्याला २०४ पर्यंत! वर्षाच्या १६७ पायी महिन्याचे २०४. त्याला उगाच आठवण करून देऊ नका.

कुडकुडे:
रेडिएटरमधली हवा काढलीत का? आणि खिडकी दिवसभर तिरकी ठेवू नका. पाच मिनिटं सताड उघडा, बंद करा. बुरशी धरत नाही.

हिवाळी_वांगं:
हवा काढली. बिल जानेवारीअखेर आलं, म्हणजे मुदत आहे. पण आत्ताच मालकाची मेल: इमारत संरक्षित वास्तू आहे, भिंतींना हात लावता येत नाही, सबब वाटा शून्य. हे मला माहीत होतं, पण त्याचा गॅसशी काय संबंध?

आकडेमोड:
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! बंधन फक्त भिंतींवर असेल तर वाटा निम्मा होतो, शून्य नाही. हिटिंग बदलायलाही मनाई असेल तरच शून्य. आणि ते त्याने कागदोपत्री दाखवायचं. तोवर ९५ मागा, ४७ला तडजोड करा. ऐकलं नाही तर भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा.

निवांत:
सभासदाची वर्गणी ४७पेक्षा जास्त निघेल.

पमाकाका:
संरक्षित वास्तूवर सौर बंब चालतो का?