आवड म्हणजे बक्षिसाची गोळी नव्हे

फलाट क्र. 5 (धाग्याची सुरुवात)

ऑटिस्टिक, म्हणजे मराठीत ज्यांना ‘स्वमग्न’ म्हणतात त्या मुलांच्या पालकांसाठी लिहिलेला एक सल्ला गेल्या आठवड्यात मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला. त्याचा सारांश असा, की मुलाला ज्या एका विषयाचे वेड आहे तो विषय घरातून हद्दपार करावा, सांगितलेले काम केले तरच बक्षीस म्हणून दिवसाकाठी पंधरा मिनिटे तो द्यावा आणि पुढे तीही कमी करत न्यावीत, म्हणजे मूल ‘चारचौघांसारखे’ रमू लागते. तीन वेळा मी गप्प बसलो. चौथ्यांदा तोच मजकूर आला तेव्हा राहवले नाही.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि आम्ही डोंबिवलीला राहतो. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत तो एक शब्दही बोलला नव्हता. त्याच्या तोंडून पहिल्यांदा जे बाहेर पडले ते ‘आई’ नव्हते आणि ‘पाणी’ही नव्हते, ते होते ‘पुढील स्टेशन ठाणे, अगला स्टेशन ठाणे, नेक्स्ट स्टेशन ठाणे’, आणि तेही लोकलमधल्या घोषणेच्या हुबेहूब चालीत. आम्ही त्याच चालीत उत्तर देऊ लागलो. न्हाणीघराच्या दारात किंचाळणारा हा मुलगा ‘पुढील स्टेशन आंघोळ’ म्हटल्यावर टॉवेल घेऊन उभा राहू लागला; अट एवढीच, की घोषणा तिन्ही भाषांत पूर्ण झाली पाहिजे. (इंग्रजी घोषणा आजीनेच करायची, हे त्याने ठरवलेले आहे आणि ती अजूनही ती इमानेइतबारे करते.) त्याची अक्षरओळख फलाटावरच्या इंडिकेटरने करून दिली. त्यावर कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ आणि कर्जतच्या गाडीला ‘एस’ हे अक्षर का, या प्रश्नाच्या पाठोपाठ दिशा आल्या, नकाशा आला आणि थळ व बोर हे दोन्ही घाट आले. आज तो डोळे मिटून, गाडी सुटतानाच्या मोटरच्या आवाजावरून रेक (डब्यांचा संच) सीमेन्स कंपनीचा की बम्बार्डियर कंपनीचा ते सांगतो. व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली, म्हणून गेल्या वर्षी त्या तारखेला त्याने आम्हाला शिरा करायला लावला.

आता त्या सल्ल्याचा आमच्यावर झालेला प्रयोग सांगतो. तो सात वर्षांचा असताना एका केंद्रात हीच पद्धत सुरू झाली. पाच कामे केली की पाच चांदण्या मिळायच्या आणि पाच चांदण्यांना दहा मिनिटे गाडीचा व्हिडिओ. दोन महिन्यांत त्याची कामे वेळेवर होऊ लागली, कागदावर आलेख चढला आणि आम्हीही खूश झालो. मग माझ्या लक्षात आले, की घरात घोषणा ऐकू येईनाशा झाल्या आहेत. व्हिडिओ लागला, की तो गाडीकडे पाहण्याऐवजी घड्याळाकडे पाहत असे. वेळापत्रकाचे फाटके पुस्तक तो उशीच्या अभ्र्यात लपवू लागला होता. चांदण्यांचा तक्ता आम्ही फाडून टाकला, तरी पुढची घोषणा ऐकायला तीन आठवडे लागले.

मानसिक विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या डीएसएम या ग्रंथाच्या 2013 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत अशी तीव्र आवड निदानाच्या निकषांत मोडते, हे मला ठाऊक आहे. परंतु निकषात बसते ते सगळे कापूनच काढायचे असते, हे कोणी ठरवले? जी गोष्ट मुलाला जगाशी जोडते तिचेच कुलूप करून किल्ली आपल्या खिशात ठेवायची, याला मी उपचार म्हणणार नाही.

आठवा मजला

आपले लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आले आणि त्यानंतर रागही आला. अकरा वर्षांच्या मुलाचे कौतुक करणे सोपे असते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याला मिशी फुटली आहे आणि त्याचा विषय लिफ्ट हा आहे. लिफ्टमध्ये माणशी 68 किलो धरतात, सहा जणांची लिफ्ट 408 किलोची असते आणि तेरा जणांची 884 ची, हे मला त्याच्यामुळे पाठ झाले आहे. घरी पाहुणे आले, की तो नावाच्या आधी वजन विचारतो. इथपर्यंत आम्हीही हसत होतो.

दोन वर्षांपूर्वी तो क्लासवरून परत आला नाही. सहा तासांनी सापडला तो अडीच किलोमीटरवरच्या एका अनोळखी सोसायटीत. तिथल्या वॉचमनने त्याला ‘चोर’ म्हणून बसवून ठेवले होते आणि त्याच्या गालावर पाच बोटे उमटलेली होती. तो मात्र मला पाहून एवढेच म्हणाला, की या लिफ्टला अजून जाळीचे दार आहे. त्या दिवसापासून लिफ्ट फक्त रविवारी, एका तासासाठी आणि माझ्यासोबत. याला आपण किल्ली खिशात ठेवणे म्हणत असाल तर खुशाल म्हणावे.

वर्गातली बाई

तीस वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम केल्यावर ‘बक्षीस दिले म्हणून मूल कोमेजले’ हे वाक्य मला एकांगी वाटते. जो मुलगा एका जागी दोन मिनिटे बसत नाही, त्याला शर्टाचे बटण लावायला शिकवताना त्याच्या आवडीचा आधार घेतला, तर त्यात पाप कोणते? आई-वडिलांच्या पश्चात ते बटण त्यालाच लावायचे आहे. केंद्राने पद्धत आंधळेपणाने राबवली असेल, तर दोष केंद्राचा आहे. आपल्याकडे एका मुलाचा अनुभव आहे, माझ्यासमोर काही शे मुले होऊन गेली.

बोरू

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान चौतिसाव्या वर्षी झाले, म्हणून ज्यांच्याविषयी आपण सर्व बोलत आहात त्यांच्यापैकी एक बोलते आहे असे समजावे.

माझा विषय मोडी लिपी. आजोबांच्या पेटीतल्या जमिनीच्या कागदांवरून तो सुरू झाला. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरे ओवत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. नववीत असताना मी वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी तळहातावर बोटाने एक ओळ गिरवत असे. ती गिरवली, की पुढचे सहा तास सोसवत. विषय ‘मुलीला शोभणारा’ होता, त्यामुळे सगळ्यांनी मला अभ्यासू म्हटले आणि कोणीही तपासणीला नेले नाही. हाच नाद एखाद्या मुलाला पंख्यांचा असता, तर त्याची वरात दवाखान्यात गेली असती.

बाई, आपण ज्या बक्षीसपद्धतीचे समर्थन करता तिच्यामागे लोवास या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा 1987 चा अभ्यास आहे, ज्यात आठवड्याला चाळीस तास उपचार होते आणि एकोणीसपैकी नऊ मुले ‘सर्वसाधारण’ झाली असे म्हटले गेले. याच गृहस्थांनी साठच्या दशकात मुलांना विजेचे धक्केही दिले होते, हेही सांगावे. ‘सर्वसाधारण’ झालेल्या मुलांना आत काय वाटत होते, हे कोणी विचारले?

वर्गातली बाई

मी आयुष्यात एकाही मुलाला चिमटासुद्धा काढलेला नाही. लोवास यांच्या पापाचा हिशेब माझ्याकडे मागू नये. त्याच न्यायाने जायचे, तर तुमच्या गटातले लोक ज्या आस्परगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांच्या ‘छोट्या प्राध्यापकांचे’ (अशा मुलांना ते हेच म्हणत) गोडवे गातात, त्यांनी नाझी राजवटीत काही मुलांना आम श्पिगलग्रुंड या मृत्यूच्या दवाखान्यात धाडले, हे 2018 साली कागदपत्रांनिशी पुढे आले आहे. त्याचा जाब मी तुम्हाला विचारू का?

बोरू

विचारू नये. आस्परगर यांचे नाव मी घेतलेही नव्हते. परंतु धक्क्यांचा मुद्दा तुमच्यावर ढकलायला नको होता, तेवढा भाग मागे घेते. तेवढाच.

रोखठोक

आमच्या वेळी प्रत्येक आळीत एक छांदिष्ट असे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवी, कोणी रेडिओ उघडून बसे. त्यांना कोणी स्वमग्न म्हटले नाही आणि त्यांचे काही अडलेही नाही. आता सगळ्याला नाव हवे आणि त्या नावाला केंद्र हवे.

फलाट क्र. 5

त्यांचे काही अडले नाही, हे आपण त्यांच्या आयांना विचारले होते का? आमच्याही आळीत रेडिओवाले एक काका होते. त्यांना रोज सकाळी त्यांची वहिनी हाताला धरून संडासापर्यंत नेत असे. ते आळीला छांदिष्ट वाटत होते, वहिनीला काय वाटत होते ते तिने कधी सांगितले नाही.

कोशकार

मूळ चर्चेत पडत नाही, परंतु ‘स्वमग्न’ या शब्दाविषयी बोलणे भाग आहे, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1911 च्या सुमारास ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हे नाव स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरले. 1943 साली कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांवरच्या लेखात ते उचलले, आणि आपण ते जसेच्या तसे मराठीत आणले. जो मुलगा घाट, दिशा आणि विजेचा इतिहास यांत बुडालेला आहे, तो स्वतःत कुठे मग्न आहे? स्वतःपलीकडचे जग इतक्या बारकाईने पाहणारे दुसरे कोण असते?

वर्गातली बाई

हा शब्द रुजवायला आम्हाला किती वर्षे लागली, याची कल्पना आहे का? त्याआधी पालकांच्या हाती ‘मतिमंद’ नाहीतर ‘वेडा’ एवढेच होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आले, त्यात हा आला आणि सरकारी मराठी कागदांवरही हाच शब्द चढला. आता तो बदलला, तर प्रमाणपत्राच्या खिडकीवर पालकांनी पुन्हा पहिल्यापासून समजावत बसायचे काय?

बोरू

‘विषयमग्न’ म्हणावे. किंवा नुसते ‘मग्न’. मरी, लॉसन आणि लेसर या संशोधकांनी 2005 मध्ये असे मांडले, की ऑटिस्टिक मनाचे लक्ष एका वेळी थोड्याच वाटांनी, परंतु जोराने वाहते. ‘स्व’ त्यात कुठेच नाही. लग्नात एका आत्याने मला विचारले होते, की तू स्वमग्न असशील तर दुसऱ्यांचे दुःख तुला कळते का. हा प्रश्न आत्याचा नव्हता, शब्दाचा होता.

रोखठोक

‘अपंग’चे ‘विकलांग’ झाले, त्याचे ‘दिव्यांग’ झाले आणि जिन्याशेजारचा उतार अजूनही झालेला नाही. करा नवा शब्द.

कोशकार

रोखठोक यांच्याशी माझे प्रथमच एकमत होत आहे, याची नोंद घ्यावी. तरीही आत्याचा प्रश्न खराच आहे.

आठवा मजला

शब्दांचा कीस पाडून झाला असेल, तर माझ्या मुलाच्या गालाकडे परत यावे. त्याला स्वमग्न म्हणा, विषयमग्न म्हणा, वॉचमन मारायचा तो मारणारच.

बोरू

ताई, चूक वॉचमनच्या हाताची होती. शिक्षा मात्र मुलाला झाली, त्याची लिफ्ट गेली.

आठवा मजला

हात वॉचमनचा होता हे मलाही कळते, परंतु गाल माझ्या मुलाचा होता. जग सुधारेपर्यंत मी त्याला रस्त्यावर सोडू काय? आपण एकट्या प्रवास करता, नोकरी करता, इथे परिच्छेद लिहिता. माझा मुलगा पोलिसाला स्वतःचे नावसुद्धा सांगू शकला नाही. कृपा करून त्याच्या वतीने बोलू नये.

फलाट क्र. 5

हे माझ्या लिखाणातून सुटले होते, ते मान्य करतो. वेळ राखून ठेवणे आणि सुरक्षिततेसाठी सोबत जाणे यांत फरक आहे. मी दोन्ही एकाच पोत्यात भरले. आपण रविवारची लिफ्ट त्याने काही केल्याच्या बदल्यात देत नाही, ती त्याचीच आहे, फक्त आपण सोबत असता. माझा आक्षेप बदल्याला आहे. आणि आमच्याकडेही सगळे गोड नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, वेळापत्रक कोलमडते आणि सकाळी साडेदहापासून तो स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारत बसतो. शनिवारी संध्याकाळी रद्द गाड्यांची यादी त्याच्यासमोर लिहून काढली, तर दहापैकी सहा वेळा निभावते. उरलेल्या चार वेळांविषयी मी पहिल्या लिखाणात अवाक्षर काढले नाही.

वर्गातली बाई

यादी आधी लिहून दाखवणे, हे आम्ही वर्गात तीस वर्षे करत आलो आहोत. आपण ते स्वतः शोधून काढलेत, याबद्दल अभिनंदन.

फलाट क्र. 5

आभारी आहे. चांदण्या मात्र परत लावणार नाही.

आठवा मजला

बदल्यात देत नाही, हे अगदी खरे नाही. गेल्या महिन्यात दाढी करू देत नव्हता, तेव्हा मी ‘मग रविवारी लिफ्ट नाही’ असे म्हटले. त्याने दाढी करू दिली आणि रविवारी निघायच्या वेळी बूट घातले नाहीत, दारातच बसून राहिला. मला वाटले पोट दुखत असेल.

आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या देखभालीला दर महिन्याला एक मेकॅनिक येतो. त्याने दोनदा विचारले आहे, की मुलाला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये उभे राहून बघायचे आहे का. मी दोन्ही वेळा नको म्हटले. या वेळी मी वर त्याच्यासोबत उभी राहीन. यातून काही भलतेच झाले, तर या धाग्यावर परत येऊन फलाट क्र. 5 यांना नावे ठेवीन, हे आताच सांगून ठेवते.