रस्त्यावर उभ्या गाडीची आरसी (नोंदणी) संपली असेल तर दंड करावा का?

जुळे_सोलापूरकर:
आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मारुती ८०० उभी आहे. एमएच-१३. मागची दोन्ही चाकं बसलीत. वायपरखाली कडुनिंबाचा पाला कुजून त्याची माती झालीय आणि त्या मातीत यंदा कसलंसं रोप उगवलंय. सहज म्हणून नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून पाहिला. आरसीची मुदत २०२० लाच संपलेली, विमा त्याच्याही आधी.

मी हेल्मेट विसरून सात रस्ता चौकातून गेलो तर मोबाईलवर ई-चलन. ही बया मात्र वर्षानुवर्षं बिनकागदाची बसून आहे आणि तिला कुणी हटकत नाही. तिच्यामुळे घंटागाडी आत वळत नाही, म्हणून कचऱ्याची बादली घेऊन सकाळी कोपऱ्यापर्यंत पळायचं आम्ही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. माझं म्हणणं एवढंच की गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची तर कागद चालू पाहिजेत, मग ती धावो नाहीतर झोपो. गल्लोगल्ली फिरून नंबर तपासा आणि चलन फाडा.

साखरपेठी:
काय बोलूलालास बे! उभी गाडी कुणाचं काय खाते? आमच्याकडंबी हाय एक. वडील लूमवर होते, आयुष्यात एकच चारचाकी घेतली, तीबी सेकंडहँड. ते गेले. आई म्हणते राहू दे. आम्ही चालवत नाही, विकत नाही.

आता रिन्यूचा हिशोब ऐक. २०२२ च्या एप्रिलआधी मोटारीला ६०० रुपये होते, त्याचे ५,००० केले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. उशीर झाला की महिन्याला ५०० वेगळे. पाच वर्षं राहिलं की ३०,००० तिथंच गेले. पर्यावरण कर, विमा, पीयूसी मी धरलंच नाही. भंगारवाला तरी एवढे देतो का? आणि रिन्यूला गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. आरसी संपलेली गाडी तिथपर्यंत डोक्यावर घेऊन जाऊ?

कलमकिसणी:
दोघांनीही कायदा अर्धाच धरलाय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ म्हणतं की नोंदणीशिवाय गाडी ‘चालवू’ नये. दंडाचं कलम १९२ मात्र गाडी ‘वापरण्या’विषयीही बोलतं. सगळी मारामारी या दोन क्रियापदांत आहे.

उभी गाडी म्हणजे वापर का? पुणे-बंगळूर रस्त्यावर एक पेट्रोलचा टँकर उलटला, काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि पेट्रोल गोळा करायला जमलेली माणसं गेली. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं की गाडी स्थिर असली तरी तो ‘वापर’च. पण तो प्रश्न नुकसानभरपाईचा होता. मृतांच्या घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून कोर्टाने शब्द ताणला. तोच ताणलेला शब्द दंड वसुलीला लावणं मला पटत नाही.

उलट बाजूचंही सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणाआतच फिरणाऱ्या गाड्यांना मोटार कर लागत नाही असं म्हटलं. कुंपणाआत. साखरपेठी, तुमची गाडी अंगणात आहे की रस्त्यावर?

साखरपेठी:
रस्त्यावर. पेठेत अंगण कुणाला असतंय मालक?

होटगीरोडची_सून:
माझा दीर कॅलिफोर्नियात असतो. तिथे नंबरप्लेटवरच महिना-वर्षाचं स्टिकर असतं. मुदत संपलेली गाडी नुसती रस्त्यावर उभी असली तरी पावती, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उलटले तर उचलूनही नेता येते. ब्रिटनमध्ये वेगळी सोय आहे. गाडी वापरत नाही असं सरकारला कळवा, कर भरू नका, पण मग गाडी रस्त्यावर ठेवायची नाही, आपल्या जागेत ठेवा. मला हे चोख वाटतं. साखरपेठीदादा, आईंच्या भावना समजतात हो, पण भावना दुसऱ्याच्या दारात का लावायची?

स्पॅनर_पाना:
मी गॅरेजवाला, अक्कलकोट रोडला. चलन फाडा म्हणणं सोपं आहे, पण फाडणार कुणाच्या नावावर? माझ्या दारात तीन गाड्या पडून आहेत. एकीचा आरसीवरचा मालक वारला. दुसरी तीन हात फिरली, ट्रान्स्फर एकदाही नाही. ज्याच्या नावावर आहे त्याला ती आता कुठे आहे हेही ठाऊक नसेल. तिसरीवाला इंजिनाचा खर्च ऐकून गेला तो आलाच नाही. यातल्या कुणाला चलन पाठवलं तरी गाडी एक इंच हलणार नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर दंड चढत राहील बस्स. उद्या साहेब येतील आणि मलाच विचारतील, तुझ्या दारात कशी?

जुळे_सोलापूरकर:
@स्पॅनर_पाना, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरंय. मला दंड नकोय, जागा मोकळी हवी आहे.

कलमकिसणी:
मग आरसीच्या मागे लागूच नका. कलम १२७ आहे की. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला सांगू शकतो. कागद चालू असोत वा नसोत.

साखरपेठी:
१० तास? रात्री नऊला लावून सकाळी आठला काढली तर ११ तास झाले. अख्खं सोलापूर उचला मग. होम मैदानावर नेऊन ठेवा, गड्ड्याच्या जत्रेला पाळण्यांऐवजी क्रेन लावू!

जुळे_सोलापूरकर:
म्हणूनच तर आरसी! कुठली गाडी रात्रीपुरती लावलीय आणि कुठली मेलीय, हे ओळखायचं कसं? मुदत संपून दोन-तीन वर्षं झालीत, टायर बसलेत, विमा नाही. एवढं जुळलं की काचेवर नोटीस चिकटवायची, महिनाभर वाट बघायची आणि मग १२७ लावायचं. चलनाचा आग्रह मी सोडतो, तपासणीचा नाही.

साखरपेठी:
नोटिशीला माझी ना नाही. पण सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात गाडी द्यायला जो तयार आहे, त्याला मागचं लेट फीचं भूत दाखवू नका. नाहीतर लोक नंबरप्लेट काढून ठेवतील, मग बस शोधत मालक.

होटगीरोडची_सून:
नंबरप्लेट काढलेल्या दोन आमच्या कॉलनीत ऑलरेडी आहेत 😄 एकीत पावसाचं पाणी साचतं, डासांची पैदास तिथूनच. आरोग्य खात्याची बाई येऊन आमच्या कुंड्या तपासून जाते.

स्पॅनर_पाना:
@जुळे_सोलापूरकर, गल्ली सांगा. रविवारी दोन जुनी चाकं आणतो, जॅक लावतो, तासाभरात ती ८०० ढकलण्याजोगी करून देतो. पैसे नकोत.

जुळे_सोलापूरकर:
मेसेज केलाय. पण भाऊ, ढकलून ठेवायची कुणाच्या दारात?