मदत हवी आहे: पंपवाला गेला, अकरा वॉल्व्ह आणि पाऊस तोंडावर

कुर्लेकर: एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) सात मजली बिल्डिंग. दोन महिन्यांपूर्वी सेक्रेटरी झालो. पावसाचं पाणी साठवायची सोय, गच्चीवर सोलर, सगळं बिल्डरने बसवून दिलंय. सगळं बघायचा तो आमचा पंपवाला. तो शिमग्याला गावी गेला, परत आलाच नाही. पंपरूममध्ये अकरा वॉल्व्ह, एकावरही काही लिहिलेलं नाही. परवा अंदाजाने एक फिरवला तर तळमजल्याच्या मावशींच्या मोरीतून पाणी वर आलं. कोणता कधी बंद करायचा? लवकर सांगा.

नळजोडणी: सोलर गरम पाण्याचं की विजेचं? पावसाचं पाणी टाकीत जातं की शोषखड्ड्यात? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार?

सूर्यमित्र: विजेचंच लावा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. लिफ्टचं बिल उतरेल.

कुर्लेकर: नवीन काही लावायचं नाहीये हो! सोलर गरम पाण्याचं, वर्षभर बंद. पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं, २०,००० लिटरची असावी. गच्ची ३०० चौरस मीटर.

नळजोडणी: मग हिशेब बघा. १०० मिमी पाऊस पडला, आणि मुंबईत तो एका दिवसात पडतो, तर त्या गच्चीवर ३०,००० लिटर पाणी येतं. टाकी भरणारच. म्हणून आधी जास्तीचं पाणी बाहेर कुठे जातं ते शोधा. मावशींच्या घरी त्याचाच फटका बसला असेल. आता बादलीभर पाण्यात गेरू कालवून गच्चीवरच्या एकेका पाइपात ओता आणि खाली कुठे लाल पाणी येतं ते बघा. सापडेल तसा वॉल्व्हवर ऑइलपेंटने नंबर टाका.

सहकारभवन_काका: पालिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी पावसाची लाइन कुठे जोडलेली नाही ना, ते सर्वांत आधी तपासा. तळमजल्यावर लहान मुलं असतात.

एक्सेलवाली: काका बरोबर. पण मुळात माहितीच एका माणसाच्या डोक्यात होती. गूगल शीट करा, कमिटीतल्या पाचही जणांना द्या.

नळजोडणी: शीट नको. रात्री अकराला तुंबलं की फोन कोण उघडणार? पंपरूमच्या भिंतीवर नकाशा आणि खाली वही.

एक्सेलवाली: आमच्याकडचा भिंतीवरचा कागद पहिल्याच पावसाळ्यात कुजला. दोन्ही करा ना!

सहकारभवन_काका: भोगवटा प्रमाणपत्राच्या (बिल्डिंगमध्ये राहायच्या परवानगीच्या) फाइलमध्ये नकाशे असतात, अर्ज करून मागा. खर्चाचं म्हणाल तर, आमच्या वेळी घरामागे २०,००० रुपये देखभालीसाठी ठेवले होते, नंतर ते ४०,००० झाले. त्याच्या व्याजातून करा.

नळजोडणी: व्याज लिफ्टलाच पुरत नाही, काका.

कुर्लेकर: पंपवाल्याचा नंबर त्याच्या भाचीकडून मिळाला! म्हणाला, व्हिडिओ कॉलवर एकेक वॉल्व्ह दाखवा, सांगतो. आम्ही त्याला दिवसाची मजुरी पाठवतोय. गेरू आणलाय. गच्चीवरच्या गाळणीतली वाळू शेवटची कधी बदलली, ते मात्र त्यालाही आठवत नाही.

नळजोडणी: बदलूनच टाका. खडी, वाळू, कोळसा, तिन्ही थर. आणि तारीख आजच वहीत लिहा.

सूर्यमित्र: गरम पाण्याच्या नळ्यांवर क्षार बसलेत का? फोटो टाका.