सल्ला हवा: मामा तलावांच्या कामाचं नियोजन कोणत्या सॉफ्टवेअरवर करावं?

बोडीकाठ (साकोली)
नमस्कार मंडळी. आमच्याकडं ढिवर समाजाची मच्छीमार संस्था अन् बचत गटाच्या बाया मिळून मामा तलावांवर (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांवर) काम करतात. बेशरम (काठ व्यापणारं परकं झुडूप) उपटणं, देशी पाणवनस्पती लावणं, मरळ-शिंगूर हे देशी मासे परत वाढवणं. आता तलाव वाढले. कुठं काय झालं ते कोणाच्या वहीत, कोणाच्या व्हॉट्सॲपवर, तर कोणाच्या नुसतं डोक्यात. निधी देणारे म्हणतात, आराखडा ‘मिराडी’ या सॉफ्टवेअरमध्ये करून द्या. कोणी वापरलं आहे का जी? एक्सेलवर भागणार नाही का? नेट भरवशाचं नाही, अन् आमच्या लोकांना इंग्रजी जमत नाही.

वैनगंगा
वापरलं आहे, सामूहिक वनहक्काच्या कामात. संवर्धन संस्थांच्या एका गटानं 2004 मध्ये ‘ओपन स्टँडर्ड्स’ ही कामाची पद्धत मांडली, 2020 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली. मिराडी त्याच पद्धतीच्या पायऱ्यांवर चालतं: काय वाचवायचं, त्याला धोका कशाचा, धोक्यामागं कारण कोणतं, आपण काय करणार, अन् फरक पडला हे कशावरून ओळखणार.

एक्सेलमध्ये कामाची यादी छान राहते. पण बेशरम काढल्यानं मासे काहून वाढतील, हे त्यात कुठंच लिहावं लागत नाही. मिराडीत ती साखळी काढावीच लागते: बेशरम गेली, काठ मोकळा झाला, देशी वनस्पती रुजल्या, माशांना अंडी घालायला आडोसा मिळाला, जाळ्यात मरळ आली. प्रत्येक कडीपाशी काय मोजायचं ते ठरवायचं. काठ मोकळा होऊनही वनस्पती रुजल्या नाहीत, तर कडी कुठं तुटली ते लगेच कळतं.

धोक्यांची तुलनाही कामाची आहे. धोका किती पसरला, किती खोल इजा करतो अन् ती इजा भरून काढता येते का, असे तीन प्रश्न. बेशरम डोळ्यात भरते, म्हणून सगळे तिच्याच मागं लागतात. पण गाळपेरीसाठी (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पीक घ्यायला) काठ दरवर्षी नांगरला जात असेल, तर लावलेलं गवत टिकणारच नाही. हा वाद एकदा नीट होऊ द्या.

मोहफूल
वैनगंगाभाऊंचं पटलं, पण माझा आग्रह आहे की लॅपटॉप शेवटी उघडा. आधी समाजमंदिराच्या भिंतीवर मोठा कागद लावा, चिठ्ठ्या मराठीत लिहा. जाळं टाकणारे, काठाला गाळपेर करणारे, पाळीखालचे (तलावाच्या बांधाखालचे) धानवाले, सगळे समोर बसले पाहिजेत. पाणी कधी सोडायचं यावर ढिवर अन् धानवाल्यांचं जमत नाही, हे कागदावर आलं नाही तर आराखडा कितीही सुंदर असो, तलावावर चालणार नाही. बायांना आवर्जून बोलतं करा. बेशरम त्याच उपटतात, तुटलेला तुकडा चिखलात राहिला की तिथंच मूळ धरतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मिराडीत मग एकानंच भरावं. रोजच्या नोंदीसाठी कोबोटूलबॉक्स घ्या. फॉर्म मराठीत बनतो, फोनवर नेट नसतानाही भरता येतो, रेंज आली की पाठवायचा. तलावांचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये करा, ते फुकट आहे.

बोडीकाठ
ताई, भाऊ, मनापासून आभार. सगळे तलाव एकाच आराखड्यात घेऊ की वेगवेगळे? अन् माशांचं मोजायचं काय? वजन तर संस्था लिहितेच.

वैनगंगा
आराखडा एकच ठेवा, नोंदी तलावागणिक. नुसत्या वजनावर जाऊ नका, सोडलेल्या रोहू-कटल्यानंही ते वाढतं. जाळ्यात देशी जाती किती अन् कोणत्या आल्या, ते जातवार लिहा. एकच जाळं, तोच महिना, दरवर्षी.

मोहफूल
अन् कागदाची बैठक तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आधी उरका. एकदा तोडणी लागली की पहाटेपासून गावात कोणी सापडत नाही.