मदत हवी आहे: जुन्या स्प्रिंट कार रेसच्या फिल्म्स आणि फोटो

नमस्कार मंडळी, आम्ही ओहायोत डेटनजवळ राहतो आणि आमच्या शेजारचे आजोबा, वय ८५ च्या पुढे, रोज संध्याकाळी अंगणात बसून एकच विषय काढतात, साठच्या दशकातल्या स्प्रिंट कार (छोट्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्या) रेस. इंडियानातलं विंचेस्टर, सेलम आणि आमचं डेटन, तिन्ही अर्ध्या मैलाच्या आसपासचे ट्रॅक पण वळणं म्हणजे अक्षरशः भिंत. विंचेस्टरचं बँकिंग, म्हणजे वळणावरचा तिरका उतार, ३७ अंश! इंडियानापोलिसच्या मोठ्या ट्रॅकचं जेमतेम ९ आहे, म्हणजे बघा. आणि तेव्हा गाडीला रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा लोखंडी पिंजरा) सुद्धा नव्हता, ड्रायव्हरचे खांदे वर उघडे, तशात पार्नेली जोन्स आणि ए. जे. फॉयट पळवायचे. १९६८ ते ७१ लॅरी डिक्सन आणि गॅरी बेटेनहाउसेन आलटून पालटून चॅम्पियन, त्यावर आजोबा अजून भांडतात (ते डिक्सनवाले, मी उगाच गॅरीची बाजू घेते).

तर त्यांच्याकडे खोकंभर फोटो आणि ८ एमएमच्या सहा रिळं निघाल्यात, नावं तारखा काहीच नाही. एका रिळाला व्हिनेगरसारखा वास येतोय, ते प्रोजेक्टरवर लावू का नको? घरी स्कॅन होतं का की बाहेरच द्यावं, खर्च किती येतो? आणि फोटोवरून विंचेस्टर कुठलं नि सेलम कुठलं कसं ओळखायचं? डेटनचा ट्रॅक तर १९८२ लाच बंद पडला, जाऊन ताडून बघायची सोय नाही. इंडियानातलं कोणी असेल तर प्लीज सांगा, आजोबांची नजर आता कमी होत चाललीये.