मदत हवी आहे : हायब्रिड रॉकेट मोटर पेटायला उशीर, मग दाबाचा टोला

मोटर ९०% हायड्रोजन पेरॉक्साइड (द्रव ऑक्सिडायझर) आणि एचटीपीबी (रबरासारखं घन इंधन) यांवर चालते. ग्रेनच्या, म्हणजे घन इंधनाच्या ठोकळ्याच्या, पुढच्या तोंडाला सोडियम बोरोहायड्राइड मिसळलेली चकती आहे. पेरॉक्साइड लागताच ती आपोआप पेटायला हवी. ताजी चकती झटक्यात पेटते, चार दिवस ठेवलेली अडखळते. तिच्यावर पांढुरकी साय धरलेली दिसते. दमट हवेने बोरोहायड्राइडचं बोरेट झालं, हे नक्की. तेवढ्या उशिरात पेरॉक्साइड ज्वलनकक्षात साचतं आणि एकदम भडकतं. हा टोला नोझल फोडेल, ही खरी काळजी.

डब्यात सिलिका जेल ठेवून भागलं नाही. कोरडा नायट्रोजन भरून सील करणं पुरेल का? की चकती सोडून चांदीच्या जाळीचा उत्प्रेरकच बसवावा? त्यावर पेरॉक्साइडचं विघटन होऊन सुमारे ७५०° सेल्सिअसचा वायू मिळतो, पण वजन वाढतं. प्रत्यक्ष चाचणी केलेल्यांनी कृपया सांगा.