मदत हवी आहे : हर्णैजवळच्या घरात भिंतीलगतचं टीव्ही युनिट, पावसाळ्यात टिकेल असं

सुरंगी

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात हर्णैपासून जरा आत आमचं घर आहे. आई-बाबा बारा महिने तिथे, मी पुण्यात. घर जांभ्याचं, दीड फुटी भिंती, वर कौलं. समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभर. सकाळी सायकलच्या घंटीवरून बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं, एवढं सांगितलं की पुरे.

२०१९ मध्ये हॉलमध्ये टीव्ही युनिट करून घेतलं होतं. साधं कमर्शियल प्लाय, वर चकचकीत पांढरं लॅमिनेट. तिसऱ्या पावसाळ्यात खालचे ड्रॉवर फुगले. ओढले तर येईनात, आले तर परत जाईनात. त्यानंतर आतून काळी बुरशी. आता गणपतीला गेले तेव्हा सगळं भिंतीपासून सोडवलं, तर मागची सहा एमएमची पाठ हातात आली ती भिजलेल्या पापडासारखी. मोडली नाही, फाटली. बिजागऱ्या गंजून एकसंध झाल्या होत्या.

आता नव्याने करायचंय. भिंत अकरा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. ५५ इंची टीव्ही, साउंडबार, सेट टॉप बॉक्स, राउटर. शिवाय बाबांचा जुना अँप्लिफायर, कॅसेट डेक आणि नाट्यसंगीताच्या दीडेकशे कॅसेट्स. या वस्तू घराबाहेर जाणार नाहीत, तेव्हा "टाकून द्या" हा सल्ला कृपया नको. बजेट दीड लाखापर्यंत.

मेस्त्री म्हणतात सगळं सागाचं करू. पुण्यातला दुकानदार म्हणतो पूर्ण डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचा बोर्ड) करा, आयुष्यभर बघायला नको. आतेभाऊ म्हणतो एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) पीयू पेंट, शोभून दिसतं. तिघेही ठाम आहेत आणि मी मधे. कोणतं मटेरियल घ्यावं? पाठ द्यावी की उघडी ठेवावी? आणि कॅसेट्सचं काय?

रंधा

कुडाळला आमचा वर्कशॉप आहे, त्यामुळे रोजचंच दुखणं.

आतेभावाला चहा पाजा आणि विषय बदला. एमडीएफ किनाऱ्यावर नको. पेंटला एक केसाएवढी चीर गेली की आत पाणी शिरतं, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. ड्रॉवर ओढून पाहिलेत, तुम्हाला माहीतच आहे.

साग लाकूड म्हणून उत्तम, पण "सगळं सागाचं" नको. जुलैत आपल्याकडे हवेत नव्वद टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकूड आडवं फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसतं. दीड फूट रुंदीची अखंड फळी असेल तर तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. दारं पावसात अडकतात, उन्हाळ्यात फटी दिसतात. साग वापरा तो चौकटीला, पट्ट्यांना, हँडलला. मेस्त्रींकडे जुनं, मुरलेलं शिवणीचं लाकूड असेल तर तेही घ्या, ते फुगतं-आक्रसतं कमी. फणसही चालतो.

सांगाड्याला मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का असलेलं, १८ एमएम. नुसता शिक्का बघू नका, तो कोणीही मारतो. बिल घ्या, आणि दुकानातून वीतभर तुकडा आणून घरी पातेल्यात उकळा. खऱ्या मरीन प्लायला कसोटीत ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात. तुम्ही दिवसभर उकळलंत आणि थर सुटले नाहीत तरी बराच अंदाज येतो. आई ओरडेल, जुनं पातेलं घ्या.

आता कोणी सांगत नाही ते. लॅमिनेट दोन्ही बाजूंना लागलं पाहिजे. बाहेर एक एमएम आणि आत काहीच नाही, किंवा नुसतं पॉलिश, असं केलं की एक बाजू ओल ओढते, दुसरी नाही, आणि दाराला बाक येतो. आतून पॉइंट आठ एमएमचा लायनर, म्हणजे पातळ साधं लॅमिनेट, लावा. आणि कडा! तुमचे ड्रॉवर वरून फुगले नसणार, खालच्या उघड्या कडेने फुगले असणार. जी कड डोळ्याला दिसत नाही तिलाही एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) लावून घ्या. मेस्त्री "तिथे कोण बघतंय" म्हणतील. पाणी बघतं.

फळीच्या दोन आधारांमधला गाळा अडीच फुटांपेक्षा मोठा नको, नाहीतर अँप्लिफायरच्या वजनाने मधे झोल येईल. स्क्रू, बिजागऱ्या, चॅनल सगळं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. दुकानात "एसएस" म्हणून २०२ देतात, ते लवकर गंजतं, पाकिटावरचा आकडा वाचा.

माजघर

रंधांनी प्लायचं छान सांगितलं, पण मला आधी हे विचारायचंय : ती भिंत कोणत्या दिशेची?

सुरंगी

पश्चिमेची. बाहेरच्या बाजूला पत्र्याची पागोळी आहे पण वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतोच.

माजघर

मग मटेरियलचा प्रश्न दुसरा. तुमचं आधीचं युनिट प्लायने खाल्लं नाही, भिंतीने खाल्लं. जांभा सच्छिद्र दगड. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून त्याच भिंतीवर बसतो, पायातूनही ओल वर चढते. दापोली पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तुम्ही त्या ओल्या भिंतीवर लाकडाची पाठ चिकटवून मधली हवाच बंद केलीत. आत मरीन प्लाय लावलंत तर दहा वर्षं जास्त टिकेल, पण बुरशी येईलच.

एक चाचणी करा, फुकटात होते. दोन बाय दोन फुटांचं जाड प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर भिंत थंड आहे आणि हवेतली वाफ तिथे बसतेय, तो वेगळा रोग. जमिनीपासून फूटभर आणि पाच फुटांवर, अशा दोन ठिकाणी लावा. आणि हॉलमधल्या आतल्या भिंतीवरही एक लावा. पाऊस आहे तोवरच करा, दिवाळीनंतर सगळ्याच भिंती गुणी असतात.

पाऊसपाणी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पाणी छताशी होतं त्यामुळे माझा सल्ला घ्यावा की नाही तुम्हीच ठरवा :) तुमच्याकडे पूर येणार नाही, पण फरशी रोज पुसली जातेच. युनिट जमिनीवर टेकवू नका. आम्ही नव्याने करताना खाली कडाप्प्याचा सहा इंची ओटा बांधला, त्यावर खण ठेवले. पुसायचं फडकं प्लायला लागतच नाही. वाळवीलाही मातीतून थेट वाट मिळत नाही, आणि ओट्यावरून मातीची नळी चढवायला लागली तर ती लगेच दिसते.

वेताची जाळी लावलेली दारं सध्या सगळीकडे दिसतात. मोहात पडू नका. माझ्या दारांवर पहिल्याच श्रावणात पांढरी लव आली. रोज पुसायची हौस असेल तर बघा.

ओहम

वायरिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टीव्हीच्या मागून खालच्या खणापर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप टाकून घ्या. इलेक्ट्रिशियन नेहमीचा पाऊण किंवा एक इंची टाकतो. त्यातून वायर जाते, एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं. वीजपुरवठ्याची वायर वेगळ्या पाइपातून. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे नवी केबल ओढायला.

जांभ्यात टीव्हीचा ब्रॅकेट साध्या गिट्टीवर टांगू नका. दगड पोकळ-भुसभुशीत असतो, ड्रिल एकदम आत जातं आणि भोक मोठं होतं. मी स्वतः जमिनीपासून वर जाणाऱ्या दोन सागाच्या उभ्या खांबांवर ब्रॅकेट घेतो, म्हणजे वजन जमिनीवर जातं आणि भिंतीला फक्त तोल सांभाळायचा असतो.

सेट टॉप बॉक्स आणि अँप्लिफायर बंद खणात गुदमरवू नका. खाली आणि वर दोन्हीकडे झडप ठेवा, गरम हवा वर जाते आणि खालून ताजी ओढली जाते. बॉक्सची ऊब पावसाळ्यात मित्रच आहे, खण कोरडा ठेवते. दारं सागाच्या आडव्या पट्ट्यांची केलीत तर हवाही खेळते आणि रिमोटही चालतो. मात्र प्रत्येक भोकाला बारीक स्टेनलेस जाळी मारा. माझ्या हातून आजवर जेवढे बॉक्स उघडले गेले त्यातल्या कित्येकांत बोर्डावर पाल चिकटलेली होती. ऊब तिलाही आवडते.

अर्थिंग तपासून घ्या. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा सर्ज प्रोटेक्टरवर विसंबू नका, प्लग काढा आणि डिशची केबलही काढा. लोक प्लग काढतात आणि केबल विसरतात. म्हणून बोर्ड युनिटच्या मागे लपवू नका, बाबांना वाकून हात घालावा लागला तर ते काढणार नाहीत.

कॅसेट्स : टेपवर बुरशी धरते, ती डेकच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. एकच खण घट्ट बंद करा, दाराला रबराची गॅस्केट, आत सिलिका जेलच्या पिशव्या. आतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते बाहेर काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा ठेवायचे. ओलावा दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते आत ठेवा, साठच्या खाली राहिलं की झालं. बुरशी आलेली कॅसेट आधी वेगळी काढा, नाहीतर सगळ्या जातील.

रंधा

ओहम, खांबांची आयडिया झकास. खांबाच्या मागच्या बाजूला काजूबियांच्या टरफलाचं तेल मारा, होड्यांना लावतात ते. वाळवी फिरकत नाही. हातमोजे घालून, कातडीवर फोड येतात त्याने.

डब्ल्यूपीसीबद्दल राहिलं. पाण्याला चांगलं, पण स्क्रू धरून ठेवत नाही, बिजागरी दोन वर्षांत हलायला लागते. लांब फळीला झोलही येतो. ओट्यालगतच्या पट्टीला वापरा, तिथे त्याचं काम आहे.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. बाबांकडून तीन ठिकाणी प्लॅस्टिक लावून घेतलं. कालच फोन आला.

पश्चिमेच्या भिंतीवर खालच्या प्लॅस्टिकच्या आत इतकं पाणी की खालच्या टेपवर तळं साचलं होतं. पाच फुटांवरच्यात थेंब, भिंतीच्या बाजूला. आतली, माजघराकडची भिंत : कोरडी. एक थेंब नाही.

ही आतली भिंत म्हणजे आमचा गणपती जिथे बसतो ती. आजोबांच्या आधीपासून तिथेच. मी बाबांना म्हटलं, युनिट तिकडे घेऊ. दोन मिनिटं फोनवर नुसता झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज. मग म्हणाले, "मातीची मूर्ती ओल्या भिंतीला कोण लावेल? ती भिंत कोरडी आहे हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं."

ती भिंत तेरा फूट आहे. पाच फूट चौरंगाला आणि वरच्या मंडपीला कायम मोकळे, उरलेल्या आठात युनिट. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद, त्यामुळे बसतंय. कडाप्प्याचा ओटा मात्र सलग तेरा फूट करायचा, म्हणजे गणपतीच्या बाजूलाही तोच ओटा येईल. आईला हे एकदम पटलं, दरवर्षी टेबलाखाली विटा रचायचं वाचेल.

आता दोनच शंका. आतली भिंत कोरडी असली तरी पाठीमागे फट ठेवायची का, की चिकटवलं तर चालेल? आणि बाबा टीव्ही झोपाळ्यावरून बघतात. झोपाळा भिंतीपासून आठ फुटांवर, पण तो दीड-दोन फूट मागेपुढे होतो. टीव्हीची उंची कशी धरू?

माजघर

फट ठेवाच. दीड इंच, आणि मागच्या पट्ट्या उभ्या मारा, आडव्या नाही. आडव्या पट्टीवर हवा अडते आणि धूळ साचते.

ओहम

५५ इंचीला सात फूट आणि पुढे कुठेही ठीक. झोपाळा पुढे आला तरी सहा-साडेसहा फूट उरतात, चालेल. उंचीसाठी बाबांना झोपाळ्यावर बसवा, डोळ्यांपासून जमिनीपर्यंत मोजा, टीव्हीचा मध्य तिथे आणा. साधारण साडेतीन फूट येईल. मोजताना झोपाळा थांबवा.